तारामाशांचा पहारा

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला लागून एम्बार्कडेरो नावाचा रस्ता जातो. त्याच्या पाण्याकडच्या बाजूला चालणाऱ्यांसाठी रुंद पदपथ आहे आणि कडेने बसायला लांबलचक, बुटके कट्टे आहेत. एका दुपारी वाऱ्याने हैराण होऊन मी आणि माझी मैत्रीण त्यातल्या एका कट्ट्यावर टेकलो. हाताला काहीतरी गार आणि खडबडीत लागले म्हणून पाहिले, तर कट्ट्याच्या धारेवर धातूचा एक तारामासा बसवलेला होता. थोड्या अंतरावर खेकडा होता आणि त्याच्याही पुढे कासव. येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात लागून त्यांच्या पाठी गुळगुळीत झाल्या होत्या. मैत्रिणीने मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली आणि म्हणाली, “बघ, नगरपालिकेलासुद्धा सौंदर्यदृष्टी असू शकते.” शेजारीच पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा बगलेत स्केटबोर्ड धरून उभा होता. आमची हौस पाहून तो हसला. विचारल्यावर त्याने सांगितले, की हे प्राणी शोभेसाठी बसवलेले नाहीत, त्याच्यासारख्यांसाठी बसवलेले आहेत. कट्ट्याच्या धारेवरून कुणाला बोर्ड घासत नेता येऊ नये, एवढेच त्यांचे काम आहे. मग तो म्हणाला, की मार्केट स्ट्रीटवर शहराने आता आमच्यासाठी वेगळी जागा बांधली आहे, ती जाऊन पाहा. एवढे बोलून त्याने बोर्ड जमिनीवर टाकला, एका पायाने जमीन ढकलली आणि तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

मला खटकला तो त्या मुलाचा सूर. त्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. रस्ता कुठून वळतो हे परक्या माणसाला सांगावे, तशा निर्विकारपणे त्याने स्वतःच्या बंदोबस्ताची माहिती दिली होती. अडवायचेच असेल तर साधे लोखंडी खुंटे ठोकता येतात, आणि कितीतरी शहरांत ते ठोकलेले आहेतच. कार्यालयांच्या पायऱ्यांचे कठडे, बँकांसमोरचे ग्रॅनाइटचे ओटे यांच्यावर ठरावीक अंतराने बसवलेले ते धातूचे तुकडे एकदा ओळखू यायला लागले, की सगळीकडे दिसू लागतात. त्या खुंट्यांमध्ये निदान उघडपणा असतो. इथे मात्र मनाईला इतके गोजिरे रूप दिले होते, की माझी मैत्रीण तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढत होती.

शहराची बाजूही मी नाकारत नाही. ज्याने असा वापरलेला ओटा जवळून पाहिला आहे, त्याला ती लगेच पटेल. बोर्डाच्या खाली चाकांना धरून ठेवणारा जो अ‍ॅल्युमिनियमचा भाग असतो, त्याला ट्रक म्हणतात. स्केटर वेगात येतो, बोर्डासकट उडी मारतो आणि हा ट्रक ओट्याच्या धारेवर टेकवून पुढे घसरत जातो. त्याला ग्राइंड म्हणतात. धार नीट घसरती व्हावी म्हणून तिच्यावर मेण चोळलेले असते. त्या मेणात धातूचा कीस आणि रस्त्याची धूळ मिसळून एक काळपट, तुकतुकीत थर तयार होतो. बोट फिरवले तर आधी ओशट लागते आणि मग मध्येच जिथे दगडाचा टवका उडालेला असतो तिथे बोचते. आवाजही कमी नसतो. विटांच्या फरशीवरून कडक चाके जाताना होणारी खडखड, बोर्डाची शेपटी, म्हणजे मागचे टोक, जमिनीवर आपटल्याचा फटका, मग धातू दगडावर घासल्याचा कर्कश चरचराट, आणि बहुतेक वेळा शेवटी बोर्ड उलटून पडल्याचा आवाज. हे संध्याकाळभर चालते, कारण एकच युक्ती जमेपर्यंत तीच ती पुन्हा करत राहणे हाच या खेळाचा स्वभाव आहे. खिडकीखाली हे रोज चालणार असेल, तर सहनशील माणूसही पालिकेला पत्र लिहील.

त्या मुलाने सांगितलेली जागा आम्ही शोधून काढली. मार्केट स्ट्रीटवरचा यूएन प्लाझा हा चौक, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर १९४५ साली याच शहरात सह्या झाल्या, त्याची आठवण म्हणून बांधलेला आहे. अलीकडच्या काळात मात्र तो अमली पदार्थांच्या उघड्यावरच्या व्यवहारासाठी कुप्रसिद्ध झाला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराने तिथे स्केटरांसाठी ओटे, उतार आणि रेलिंग बसवले. शिवाय बुद्धिबळाचे पट, टेबल टेनिसची टेबले आणि व्यायामाची साधने आणून ठेवली. हिशेब असा होता, की दिवसभर माणसांचा वावर राहिला तर बाकीचे धंदे आपोआप पांगतील. गंमत अशी, की याच मार्केट स्ट्रीटच्या एका टोकाला, एम्बार्कडेरोवरच्या फेरी बिल्डिंगसमोर, लाल विटांची फरशी असलेला एक मोठा चौक आहे, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो चौक म्हणजे स्ट्रीट स्केटिंगची पंढरी होती. जगभरातली पोरे केवळ तो चौक पाहायला येत. तिथे पोलीस त्यांच्या मागे धावत, दंड करत आणि बोर्ड जप्त करत. ज्या जमातीला रस्त्याच्या त्या टोकावरून हुसकावले, तिलाच तीस वर्षांनी त्याच रस्त्यावर, जवळजवळ पहारेकरी म्हणून, आमंत्रण देऊन बोलावले गेले.

स्केटबोर्डिंगच्या या प्रवासाची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती फार सरळ आहे. आधी हा मूठभर बंडखोरांचा, भूमिगत खेळ होता. मग कंपन्या आल्या, टीव्ही आला, ऑलिंपिक आले आणि खेळ सगळ्यांचा झाला. ज्यांना आनंद झाला ते या बदलाला प्रगती म्हणतात आणि ज्यांना दुःख झाले ते विकले जाणे म्हणतात. गोष्ट दोघांचीही एकच असते. मला ती पुरती पटत नाही. हा खेळ लोकप्रिय एकदा झालेला नाही, अनेकदा झालेला आहे. तो भूमिगत होता असे आपण म्हणतो ते काळ बहुतेक, बाजाराने अंग काढून घेतल्यानंतरचे आहेत.

१९६५ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी ही मुलगी होती. चालत्या स्केटबोर्डवर हातांवर उभी राहिलेली, अनवाणी पाय आकाशाकडे. त्या घडीला बोर्ड हे खेळण्यांच्या दुकानात धडाक्याने खपणारे खूळ होते. पण चाके भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची होती. ती रस्ता पकडत नसत, आणि बारीकसा खडा आला तरी जागच्या जागी अडत. बोर्ड थांबे आणि वरचा मुलगा पुढे जाई. डॉक्टरांनी इशारे दिले, शहरांनी बंदी घातली आणि वर्ष संपता संपता माल दुकानांत पडून राहिला. ज्यांच्यासाठी ते खूळ होते त्यांनी दुसरे खूळ शोधले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची काही पोरे मात्र, लाटा नसलेल्या दिवशी करायचे काहीतरी म्हणून, उतारांवरून घसरत राहिली.

पुढची भरती आणली ती एका चाकाने. फ्रँक नॅसवर्दीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, रोलर स्केटसाठी बनवलेली युरेथेनची चाके बोर्डाला लावून पाहिली. युरेथेन खड्यावरून निघून जाते आणि वळणावर जमीन सोडत नाही. एवढ्या एका गुणामुळे, लाटेवर जसे अंग झोकून वळता येते तसे डांबरावर वळता येऊ लागले. १९७५ मध्ये डेल मारच्या स्पर्धेत सांता मोनिकाच्या झेफर सर्फ दुकानाचा संघ उतरला. टोनी अल्वा, जे अ‍ॅडम्स, स्टेसी पेराल्टा आणि संघातली एकटी मुलगी पेगी ओकी. इतर स्पर्धक ताठ उभे राहून कसरती करत असताना ही मंडळी जमिनीलगत बसून, हाताने फरशी चाटत वळत होती. पाठोपाठ १९७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. कॅलिफोर्नियात पाण्यावर निर्बंध आले आणि श्रीमंत घरांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्यांच्या भिंती तळाशी गोलाई घेऊन वर उभ्या होत जाणाऱ्या. त्या पोरांना त्यात तलाव दिसला नाही, दगड होऊन थांबलेली लाट दिसली. कुंपणावरून उड्या मारायच्या, उरलेसुरले शेवाळी पाणी बादल्यांनी उपसायचे, एकाने पोलिसांवर नजर ठेवायची आणि बाकीच्यांनी भिंतीवर चढायचे.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही नजर. एका हेतूने बांधलेल्या वस्तूत भलताच उपयोग दिसणे, आणि तो उपयोग अंगाने सिद्ध करून दाखवणे. शाळेच्या आवारातली उतरती भिंत, पावसाचे पाणी वाहून नेणारा काँक्रीटचा चर, जिन्याचा कठडा, आग विझवण्याच्या पाइपाजवळचा उंचवटा. आपण ज्यांच्याजवळून वर्षानुवर्षे जातो आणि ज्यांना नावही देत नाही, अशा गोष्टींनी या लोकांचे शहर भरलेले असते. त्यांना ते स्पॉट म्हणतात, आणि एखादा चांगला स्पॉट सापडला की वेड लागल्यासारखे तिथेच घोटाळत राहतात.

तलावांची ही चोरटी मजा लगेच बाजारात आली. ठिकठिकाणी तिकीट लावून काँक्रीटचे पार्क बांधले गेले आणि १९८० च्या आसपास ते भराभर बंद पडले, कारण मोडलेल्या हाडांच्या दाव्यांना घाबरून विमा कंपन्यांनी हप्ते न परवडण्याइतके वाढवले. बरेच पार्क बुलडोझरने जमीनदोस्त केले. नॉर्वेने तर १९७८ पासून १९८९ पर्यंत स्केटबोर्डवर देशभर बंदीच घातली होती, आणि तिथली पोरे जंगलात लपवून लाकडी रॅम्प बांधत होती. भूमिगत हा शब्द कुणाला शोभत असेल तर त्यांना. इकडे अमेरिकेतही जे उरले त्यांनी परसात प्लायवूडचे रॅम्प ठोकले. ज्यांना रॅम्पही नव्हता ते सपाट जमिनीवर आले. फ्लोरिडात अ‍ॅलन गेलफँडने तलावाच्या भिंतीवर, हात न लावता बोर्डासकट हवेत उठण्याची एक उडी शोधली होती. त्याच्या टोपणनावावरून तिला ऑली म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलेन या अबोल मुलाने ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने बोर्डाची शेपटी जमिनीवर हाणायची, बोर्ड तिरका वर उसळला की पुढच्या पायाचा बाहेरचा काठ त्याच्या खरखरीत पृष्ठावरून वर घासत न्यायचा, म्हणजे बोर्ड हवेतच सपाट होऊन पायांना चिकटल्यासारखा वर येतो. पाहणाऱ्याला गोंदाने चिकटवला असावा असेच वाटते. बुटाचा तेवढाच भाग घासून भोक पडते. स्केटर ओळखायचा असेल तर शर्टावरचे नाव वाचण्यापेक्षा बुटाची ती बाजू पाहावी. आजच्या स्ट्रीट स्केटिंगमधली जवळजवळ प्रत्येक युक्ती या एका हालचालीवर उभी आहे, आणि ती घडली तेव्हा तिचा कुणालाही कसलाच व्यापारी उपयोग नव्हता.

तोच फेरा पुन्हा आला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर उंच लाकडी हाफपाइप (इंग्रजी यू अक्षरासारखे रॅम्प), झगमगीत बोर्ड आणि टोनी हॉकसारखे किशोरवयीन तारे यांचा सुकाळ होता. १९९१ च्या सुमारास तो आटला. हॉकसारख्याचीही कमाई इतकी घसरली, की त्याला रिकामी मैदाने आणि मोटारतळांवर प्रात्यक्षिके करत हिंडावे लागले. नेमक्या या पडत्या काळात एम्बार्कडेरोचा तो विटांचा चौक बहरला. प्रेक्षक नव्हते, बक्षिसे नव्हती, पार्क नव्हते. होता फक्त एक व्हिडिओ कॅमेरा, त्याच्या पुढे लावलेले रुंद कोनाचे भिंग आणि तो हातात धरून स्वतःही बोर्डावरून मागे मागे जाणारा मित्र. वर्षभर मार खाऊन जमवलेल्या युक्त्यांची काही मिनिटांची चित्रफीत हाच त्या जगातला निकाल होता. ती कॅसेट हातोहात फिरे. अमुक पायऱ्यांवर अमुक युक्ती अमुक माणसाने आधीच केलेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि तिथे पुन्हा तीच करणे कमीपणाचे समजले जाई.

प्रत्येक वेळी बाजार उठला, आणि प्रत्येक वेळी खेळ उरलेल्यांच्या हाती सापडला.

उरलेल्यांनी अंधारात जे घडवले, तेच पुढच्या भरतीचा माल ठरले. १९९५ मध्ये एका क्रीडा वाहिनीने एक्स गेम्स सुरू केले. २७ जून १९९९ रोजी त्याच स्पर्धेत टोनी हॉकने हवेत अडीच गिरक्या घेऊन, म्हणजे नऊशे अंश फिरून, पाय बोर्डावर ठेवूनच रॅम्पवर उतरून दाखवले. ठरलेली वेळ केव्हाच संपली होती, पण त्याला थांबवायला कुणीही पुढे आले नाही. बाकीचे स्पर्धक कडेला उभे राहून बोर्ड आपटत त्याला चेतवत होते. हे घडले ते सॅन फ्रान्सिस्कोतच, एम्बार्कडेरोवरच्या एका धक्क्यावर. त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम आला आणि ज्यांनी आयुष्यात बोर्डाला हात लावलेला नव्हता, अशी कोट्यवधी मुले किकफ्लिपचे, म्हणजे हवेत बोर्ड पायाखाली गिरकवण्याच्या युक्तीचे, नाव घेऊ लागली. पुढे कपड्यांची पाळी आली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर सुरू झालेल्या सुप्रीम या दुकानाचा मधला भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला होता, म्हणजे स्केटरांना बोर्डासकट आत येता यावे. २०२० मध्ये तो ब्रँड २.१ अब्ज डॉलरला विकला गेला. त्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. कपडे विकले जाणारच. थ्रॅशर या १९८१ पासूनच्या स्केट मासिकाचा शर्ट घालून फिरणाऱ्या तरुणीला रस्त्यात अडवून, तुला ऑली येते का म्हणून तपासणारे बहाद्दर मला अधिक कंटाळवाणे वाटतात.

आणि इथेच माझ्या मनातल्या ओढाताणीला सुरुवात होते. अंधारातल्या त्या दिवसांवर मी कितीही भाळले, तरी एक प्रश्न चुकवता येत नाही. त्या चौकात मुली कुठे होत्या? १९६५ च्या मुखपृष्ठावर मुलगी आहे, १९७५ च्या संघात एक मुलगी आहे, आणि मग चित्र पुरुषांनीच भरत जाते. ज्या जगाला नियम नसतात त्याला पंच नसतात हे खरे, पण दारावर उभे राहणारे असतातच, आणि त्यांची निवड कुठेही लिहिलेली नसते. रात्री उशिरा, ओस पडलेल्या इमारतींच्या मागे, पोलिसांपासून पळण्याच्या तयारीने भरणारा खेळ एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला किती मोकळा वाटेल, हे कोणतीही बाई सांगू शकेल. एलिसा स्टीमरने १९९८ च्या सुमारास व्यावसायिक स्केटर म्हणून स्वतःच्या नावाचा बोर्ड मिळवला, तेव्हा तिच्या आजूबाजूला जवळपास कुणीच नव्हते. त्या व्हिडिओ गेममध्ये ती होती, आणि पुढे आलेल्या कितीतरी मुलींनी बोर्डावर उभी असलेली बाई पहिल्यांदा त्या पडद्यावर पाहिली असणार. म्हणजे ज्या वस्तूकडे बाजारूपणाचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते, तिनेच एक दार किलकिले केले.

२०२१ च्या उन्हाळ्यात टोकियोला, उशिरा झालेल्या ऑलिंपिकमध्ये, महिलांच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशिया आणि रायसा लेआल या दोन तेरा वर्षांच्या मुलींनी सुवर्ण आणि रौप्य मिळवले. कांस्य घेणारी फुना नाकायामा सोळा वर्षांची होती. दिवसाउजेडी खुल्या असलेल्या, राखलेल्या पार्कांशिवाय आणि मुलीला तिथे घेऊन जाणाऱ्या पालकांशिवाय असे व्यासपीठ उभे राहिले असते, असे मला वाटत नाही. त्याच स्पर्धेतल्या पार्क प्रकाराची, म्हणजे वाडग्यासारख्या काँक्रीटच्या खळग्यात होणाऱ्या प्रकाराची, अंतिम फेरी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. मिसुगु ओकामोतो ही पंधरा वर्षांची जपानी मुलगी पात्रता फेरीत पहिली होती. शेवटच्या फेरीत, पदक हाताशी असताना, सुरक्षित युक्त्यांवर न थांबता ती अवघड उडीसाठी गेली आणि पडली. चौथी आली. ती रडत वर आली तेव्हा इतर देशांच्या स्पर्धक मुलींनी तिला घेरले आणि चक्क खांद्यावर उचलून घेतले. समालोचक खिलाडूवृत्तीबद्दल बोलत होते, पण मला ती खिलाडूवृत्ती वाटली नाही. तो निकाल होता. फलकावर एक निकाल लागला होता आणि त्याच्या शेजारी, जुन्या चालीने, आणखी एक. पंचांनी दशांशात मोजलेले गुण त्या मुलींनी मान्यही केले आणि बाजूलाही सारले.

म्हणून खेळाचा आत्मा वगैरे हरवल्याचा शोक मला करवत नाही. मला डाचते ते वेगळेच आहे, आणि ते त्या दोन दिवसांत एकाच शहरातल्या दोन ठिकाणी पाहायला मिळाले. शहर जेव्हा पार्क बांधून देते, तेव्हा सोबत एक न लिहिलेली अटही घालते. तुमची जागा आता ही; तेव्हा बाकीचे शहर सोडा. पार्क नव्हता तोवर हुसकावणाऱ्या शिपायाला थोडा तरी संकोच वाटत असे. पार्क झाल्यावर त्याच्या हातात कायमचे उत्तर आले. धारेला पोलादी पट्टी बसवलेला, मापात ओतलेला ओटा आणि धातूचा तारामासा बसवलेला कट्टा हे एकाच सौद्याचे दोन कागद आहेत. पार्कातला ओटा उत्तमच असतो. त्यात फक्त शोधण्यासारखे काही उरलेले नसते, कारण त्याचा उपयोग नकाशा काढणाऱ्याने आधीच ठरवून दिलेला असतो.

लंडनच्या स्केटरांनी हा सौदा ओळखला होता. थेम्सच्या काठी साउथबँक सेंटरच्या पोटाखाली खांब आणि उतारांची एक अंधारी जागा आहे. वास्तुशिल्पकारांनी ती खेळासाठी आखलेली नव्हती, पण १९७० च्या दशकापासून तिथे स्केटिंग चालते. २०१३ मध्ये तिथे दुकाने काढण्याचे ठरले आणि बदल्यात जवळच्याच पुलाखाली नवीकोरी, मुद्दाम बांधलेली जागा देऊ केली गेली. स्केटरांनी ती नाकारली. मोठी मोहीम उभी राहिली आणि २०१४ मध्ये जुनी जागा राखण्याचा करार झाला. फिलाडेल्फियात असे यश आले नाही, पण तिथला प्रसंग मात्र विसरण्यासारखा नाही. लव्ह पार्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकाच्या ग्रॅनाइटवर स्केटिंगला शहराने बंदी घातली, तेव्हा २००२ मध्ये त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन, वयाच्या ९२ व्या वर्षी, डोक्यावर हेल्मेट घालून आणि दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार घेऊन, निषेध म्हणून स्वतः बोर्डावर उभे राहिले. आपण बांधलेल्या जागेत आपल्याला न सुचलेला उपयोग सापडला, याचा अपमान न वाटता आनंद वाटणारे नगररचनाकार किती असतील? पुढे तो चौक नव्याने बांधला गेला, आणि उखडलेल्या ग्रॅनाइटचा काही भाग स्वीडनच्या माल्मो शहराने स्केटिंगसाठी समुद्रापार नेला. माल्मोत स्केटबोर्डिंग अभ्यासक्रमात असलेले हायस्कूलही आहे. एका शहराने ज्या दगडावर दंड लावला, तोच दुसऱ्या शहराला वाहतुकीचा खर्च सोसून न्यावासा वाटला.

बाजार पुन्हा एकदा उठेल का, हे मला सांगता येत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला महिलांच्या पार्क प्रकारात चीनची अकरा वर्षांची झेंग हाओहाओ उतरली होती, आणि पुरुषांच्या त्याच प्रकारात ब्रिटनकडून ५१ वर्षांचा अँडी मॅकडोनाल्ड. मॅकडोनाल्ड नव्वदच्या दशकात हॉकच्या जोडीने एक्स गेम्स गाजवलेला माणूस. कंपन्या बुडताना आणि रॅम्प मोडताना त्याच्या पिढीने पाहिले आहेत. झेंगने पाहिली आहे ती फक्त भरती. पैसा आटला तर यावेळी निदान काँक्रीट मागे राहील, आणि त्यावर मुलीही राहतील, असा माझा अंदाज आहे. बाजार उठावा अशी इच्छा मात्र मी आता करत नाही. त्या इच्छेची किंमत मला द्यावी लागणार नाही आणि झेंगच्या वयाच्या मुलींना द्यावी लागेल.

त्याऐवजी मला फ्रान्समधल्या बोर्दोने काढलेला मार्ग विचार करण्यासारखा वाटतो. तिथे आधी चौकाचौकांत बंदी होती आणि दंड होते. मग स्केटरांनी पालिकेशी बोलून काही सार्वजनिक जागा ठरावीक वेळात स्केटिंगसाठी खुल्या करून घेतल्या आणि तसे फलक लागले. सगळे शहर बंद आणि एक कोपरा खुला असे न करता, शहर तेच ठेवून वेळ वाटून घेण्याचा हा तोडगा आहे. तो मला पूर्ण रुचतो असे नाही. कोणत्या तासाला मोकळे व्हायचे हे पाटीवर वाचणारा स्केटर डोळ्यांसमोर आणला, की मला थोडे हसूही येते, आणि नव्वदच्या दशकातल्या एम्बार्कडेरोच्या पोरांनी त्या पाटीचे काय केले असते याची कल्पनाही करता येते. पण त्या काळी चौकाच्या वरच्या मजल्यावर, रात्रपाळी संपवून दुपारी झोपू पाहणारा कुणीतरी राहत असेलच, आणि त्याला कोणता तोडगा चालला असता हे त्याला कुणी विचारल्याचे कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही.